दोन दहाची गाडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही ही तर माझी ख्याती! शेजारच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी तिच्या सासूच्या आधी मी गल्लीभर पोचवलेली आहे. पण ही एक गोष्ट — आठ वर्षं झाली — राहिली बाप्पा पोटात. आता तुम्हालाच काहून सांगते आहे? तेही मला नीट सांगता यायचं नाही. बसा जरा. मधे विचारू नका काही, नाहीतर मी विषय बदलेन. स्वतःला चांगली ओळखते मी.

मी नागपूरच्या शहर बसच्या कार्यालयात होते. बर्डीच्या बस स्थानकावर निम्मा दिवस चौकशीच्या खिडकीत, निम्मा दिवस मागच्या खोलीत कागदांच्या ढिगात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, बाईंचा कागद म्हणजे डोळे मिटून सही करावी असा कागद. टाळ्या वाजल्या. मी साडीचा पदर नीट करत बसले. काय करणार होते दुसरं?

आमच्याकडे उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. असावंच लागतं. नागपूरचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळायचं नाही. एप्रिलच्या मध्यापासून सकाळच्या गाड्या लवकर सुटतात आणि बारा ते चार या वेळातल्या बऱ्याच फेऱ्या बंद होतात. जूनच्या शेवटी शाळा उघडल्या — आमच्या विदर्भात शाळा उशिराच उघडतात — की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. दरवर्षी हेच. कोणाला सांगावं लागत नाही, कोणाला अर्ज करावा लागत नाही, आपोआप होतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोणती फेरी बंद करायची हे ठरवायला मोजणी व्हायची. म्हणजे आमच्यापैकी एकानं आठवडाभर त्या गाडीत बसायचं, किती माणसं चढली ते तक्त्यावर लिहायचं आणि खाली सही करायची. सरासरी पाचाच्या खाली आली तर फेरी बंद. तुम्ही म्हणाल, कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये आकडा असतोच की! असतो. पण मशीन फक्त तिकीट मोजतं. पासवाले म्हातारे, पासवाल्या पोरी नुसता पास दाखवून बसतात, ते मशीनला दिसत नाहीत. त्यांच्यासाठीच तर माणूस बसवायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन आलेल्या पोरींना हे मीच शिकवायची.

त्या वर्षी माणसं कमी होती म्हणून उमरेड रोडवरच्या एका वस्तीतून धंतोलीमार्गे बर्डीला येणारी दुपारी दोन दहाची गाडी माझ्या वाट्याला आली. सात दिवस. पहिल्या दिवशी मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पर्समध्ये कांदा ठेवून स्कूटीवर शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. खरंच गेले हो! कडुनिंबाखाली गाडी उभी होती, पत्रा इतका तापलेला की दांड्याला हात लावला आणि ओरडलेच. आत कोणी नव्हतं. अजून वीस मिनिटं होती ना सुटायला — कोण येऊन बसेल आधीपासून त्या भट्टीत? पण मी म्हटलं, पाहा, कुत्रंसुद्धा नाही.

दोन गल्ल्या सोडून माझी मावशी राहायची. तिच्याकडे मोठा कूलर होता, नव्या खसच्या ताट्या लावलेला. मावशीनं कैरीचं पन्हं दिलं. मी म्हटलं, पाच मिनिटं टेकते. डोळे उघडले तेव्हा साडेचार वाजले होते.

एका दिवसाचं असतं तर — नाही, तेही चूकच असतं. पण एका दिवसाचं नव्हतंच. सातही दिवस मी मावशीकडे गेले. तिला वाटायचं, भाची किती जीव लावते, रोज येते! संध्याकाळी कंडक्टरला फोन करून मशीनचा आकडा घ्यायचा, त्यात एखादा इकडेतिकडे करायचा आणि तक्ता भरायचा. सोमवार तीन. मंगळवार चार. बुधवार दोन. सगळे आकडे सारखे दिसू नयेत याचीसुद्धा काळजी घेतली मी. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘तीव्र उन्हामुळे प्रवासी अत्यल्प.’ काय सुंदर अक्षर माझं! खाली सही. दोन दहाची गाडी बंद झाली.

इथवरच असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. आळशीपणा कोण करत नाही? पण हे इथवर नाही.

मे महिना लागता लागता खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ आले. शेषराव त्यांचं नाव. मूळचे भिवापूरकडचे, आता मुलासुनेकडे त्याच वस्तीत राहायचे. पांढरं धोतर, सदरा, खिशात एक कंगवा. पुरुषाच्या खिशात कंगवा असतो, पण हा मोठा, रुंद दातांचा, बायकांचा. म्हणूनच लक्षात राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी पाणी दिलं तर आधी खिडकीच्या कडेला टेकून श्वास घेतला, मग प्यायले.

“काहून वं पोरी,” म्हणाले, “दोन दहाची गाडी काहून बंद केली तुमीनं?”

मी ठरलेलं उत्तर दिलं. उन्हाळी वेळापत्रक, प्रवासी नाहीत, वरून आदेश आहे.

“प्रवासी नाई कसे? आमी सात-आठ जन रोज बसतो ना! मी आहो, दवाखान्यातल्या आया हायेत दोघी, शिवनकामाच्या पोरी हायेत. सगळे पासवाले. मोजाले तर कोनी आलंच नाई आमच्यात.”

भांडायच्या सुरात नाही हो. समजावून सांगितल्यासारखं. जणू माझी काही गफलत झाली आहे आणि ते मला त्यातून सोडवताहेत. ते बोलत राहिले आणि मी समोरच्या रजिस्टरवर उगाच रेघ ओढत राहिले.

त्यांची बायको धंतोलीच्या एका दवाखान्यात होती. घरातच पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग छातीत कफ साठला. आतल्या वॉर्डात ठेवलेली. भेटायची वेळ दुपारी तीन ते चार, तेवढीच. सकाळी लवकर निघून जा म्हणावं तर सून एका मेसमध्ये स्वयंपाकाला जायची, मुलगा ट्रकवर, आणि घरी दोन वर्षांची नात. सून दीड वाजता परतली की नातीला तिच्या हातात द्यायचं, दोन दहाची गाडी धरायची, पावणेतीनला धंतोली. एक तास बायकोजवळ. सगळं कसं बसलं होतं त्यांचं! आता मोठ्या चौकापर्यंत पायी, मग शेअर ऑटो भरेपर्यंत त्यात बसून राहायचं. उन्हात भरतो कुठं तो लवकर? कधी साडेतीनला पोचत, कधी पावणेचारला.

“आमच्या बुढीची वेनी घालून देतो मी,” ते म्हणाले. आणि लाजले. सत्तरीचे गृहस्थ, खरंच लाजले. “तिले झिपऱ्या राहिलेल्या चालत नाईत. जिंदगीभर तिनं कोनासमोर मोकळे केस सोडले नाई. नर्सबाईले कुठं येळ? मंग मीच शिकलो. पर पंधरा मिनिटांत होत नाई वं. हात थरथरते माहे. अर्धी होते आन् चार वाजते.”

अर्धी वेणी. माझ्या नेमक्या शब्दांच्या तक्त्यात हे कुठं होतं?

मी त्याच वेळी म्हणू शकत होते, काका, चूक माझी आहे. निदान साहेबांना तरी सांगू शकत होते की मोजणी पुन्हा करायला हवी. त्याऐवजी मी काय केलं? म्हटलं, अर्ज द्या. आणि त्यांचे हात थरथरतात म्हणून तो अर्ज मीच लिहिला. विषय, महोदय, नम्र विनंती, सगळं रीतसर. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर दाबून. मला म्हणाले, “तुहं अक्षर मोत्यासारखं आहे, पोरी. साहेब वाचल.”

आलेला प्रत्येक अर्ज आवक विभागात जातो. तिथं त्यावर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, मग तो साहेबांकडे. हा अर्ज गेला असता तर साहेबांनी मोजणीचा तक्ता मागवला असता. म्हाताऱ्याला विचारलं असतं. आणि म्हातारा म्हणाला असता, मोजायला कोणी आलंच नाही. ते निघून गेल्यावर मी तो कागद हातात धरून दहा मिनिटं तरी उभी असेन. आवक विभाग माझ्या खोलीपासून किती लांब? पंधरा पावलं. मी तो माझ्या टेबलाच्या खणात टाकला आणि कुलूप लावलं.

मला नोकरी जायची भीती होती असं म्हणू का? एवढ्यानं नोकरी जात नाही. फार तर खरडपट्टी निघाली असती. मला भीती होती ती लाजेची. सगळ्यांवर तोंडसुख घेणारी बाई मी — कोण उशिरा आला, कोणी खोटी रजा टाकली, सगळ्यांचा हिशेब माझ्या जिभेवर! त्याच सगळ्यांसमोर मावशीचा कूलर निघाला असता. तेवढ्यासाठी. फक्त तेवढ्यासाठी.

ते आठवड्यातून एकदा यायचे. धंतोलीहून बर्डी जवळच, दवाखान्यातून निघाले की पायीच यायचे. मी रंगवून सांगायची, “काका, साहेबांच्या टेबलावर आहे तुमचा अर्ज. मी रोज आठवण करते.” एकदा तर म्हटलं, मी साहेबांशी भांडले तुमच्यासाठी. कशाला म्हटलं असेन? त्यांना बरं वाटावं म्हणून? की मलाच? ते हात जोडायचे. आणि हो, मी त्यांना खुर्ची द्यायची, माठातलं पाणी द्यायची, एकदा घरून ताक नेलं त्यांच्यासाठी. माझा जीव खरोखर तुटायचा त्या माणसासाठी. यावर तुमचा विश्वास बसेल का? त्यांच्यासाठी तुटणारा जीव आणि खणाचं कुलूप, दोन्ही माझंच.

त्यांच्याकडूनच मला त्यांची बुढी ठाऊक झाली. कांताबाई. लग्नात तिचे केस गुडघ्यापर्यंत होते म्हणे. मिरची तोडायला जायची तरी वेणीला गोंडा. आता दवाखान्यात, नाकाला नळी असताना, नवऱ्याची वेणी सैल झाली की डोळे वटारायची. हे सांगताना ते इतके हसले की शेजारच्या खिडकीतला माणूस डोकावला.

मेच्या शेवटी ते यायचे थांबले. एक आठवडा गेला, दोन गेले. आणि मला — आता हेही सांगतेच — मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. चौकशी करावीशी वाटली नाही. चौकशीच्या खिडकीत बसून.

जूनच्या शेवटी शाळा उघडल्या, वेळापत्रक बदललं, दोन दहाची गाडी दरवर्षीसारखी सुरू झाली. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. स्कूटी मावशीकडे लावली, आत न जाता थांब्यावर गेले आणि त्या गाडीत पहिल्यांदा बसले. काय पाहायचं होतं मला? कोण जाणे.

दोन वाजता माणसं येऊ लागली. दोघी आया आल्या, त्यांच्यामागे तीन पोरी आल्या. आणि मग कडुनिंबाखालून शेषराव आले. धोतर पांढरंशुभ्र, हातात कापडी पिशवी. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला! अहो, माझ्या बापानं मला माहेरी आलेली पाहून असा चेहरा केला नसेल.

“पाहा वं पाहा,” त्यांनी गाडीभर सांगितलं, “हेच ते बाई! साहेबासंगं भांडून गाडी चालू केली इनं!”

एक आया उठून आली आणि माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, “लय उपकार झाले, मॅडम. आमी तं पायीच मरून राहिलो होतो.” एका पोरीनं मला मूठभर जांभळं दिली. मी ती घेतली. मी ती खाल्लीसुद्धा.

शेषराव माझ्या शेजारी बसले. गाडी सुटली. मी विचारलं, काकू कशा आहेत? त्यांच्या खिशात कंगवा नव्हता. तो नाही हे मी विचारल्यानंतर पाहिलं.

“गेली ना ते,” म्हणाले. “मेच्या आखरीले.”

ते हळूहळू सांगत गेले, खिडकीबाहेर पाहत. आदल्या दिवशी ऑटो भरलाच नाही. ते अर्धं अंतर चालले, मग एका मोटारसायकलवाल्यानं बसवून घेतलं. दवाखान्यात पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही. त्याचंही बरोबर, नेम म्हणजे नेम. काचेतून पाहिलं तर तिचे केस उशीवर मोकळे पसरलेले. त्यांनी खुणेनं सांगितलं, उद्या घालतो. तिला दिसलं की नाही, माहीत नाही. पहाटे दवाखान्याचा फोन आला.

मी फक्त म्हटलं, काका — आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी. माझ्या.

“तू काहून रडून राहिली, पोरी? तिची येळच भरली होती. कोनाचा दोष नाई याच्यात. तू तं लय केलं.”

आत्ता सांग, मी मनात म्हणत होते. आत्ता. मेडिकल चौक येईपर्यंत सांग. मेडिकल चौक आला आणि गेला. शेवटी मी विचारलं, मग आज कुठे निघालात काका? दवाखान्यात तर आता —

“कुठीच नाई,” ते म्हणाले. “म्हटलं, पोरीनं एवढी खटपट करून गाडी चालू केली. आपलं मानूस राहिलं नाई म्हनून काय झालं? एक खेप तरी बसाले पाहिजे का नाई? रिकामी गेली तं पुन्हा बंद करतीन.” आणि कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. भिवापूरची मिरची, त्यांच्या भावाच्या शेतातली, वाळवून, देठं काढून स्वच्छ केलेली. “बर्डीले येऊन देनार होतो तुले. बरं झालं, इथंच भेटली.”

धंतोलीचा थांबा आला. आया उतरल्या. शेषराव सवयीनं अर्धे उठले, दांडा धरला आणि मग त्यांना आठवलं. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले, वाकून, दवाखान्याच्या गल्लीकडे पाहत. गाडी हलली तेव्हा खाली बसले.

मी काय म्हटलं असेन त्यांना बर्डीला उतरताना? मिरचीची पिशवी छातीशी धरून मी म्हटलं, “काही नाही हो काका, ते आमचं कामच आहे.” अगदी हेच शब्द.

पुढच्या वर्षापासून मी मोजणीला स्वतः बसत गेले. हे चांगुलपणा म्हणून सांगत नाही, नुसतं झालं ते सांगते. शेषराव पुन्हा भेटले नाहीत. त्यांचं घर शोधणं अवघड नव्हतं, वस्ती लहान आहे आणि मावशीच्या गल्लीपासून चालत जाता येतं. मी गेले नाही. मिरची आम्ही वर्षभर खाल्ली. नवरा म्हणायचा, काय रंग आला आहे रश्शाला, कुठून आणली? मी म्हणायची, एका ओळखीच्यांनी दिली.

निवृत्त होताना टेबलाचा खण रिकामा केला तेव्हा तो अर्ज घरी आणला. कपाटात आहे, साड्यांच्या खाली. विषय: दुपारी दोन दहाची बस उन्हाळ्यात सुरू ठेवण्याबाबत. वर सगळं माझं अक्षर आहे, खाली त्यांची दाबून केलेली सही. उजव्या कोपऱ्यात मी स्वतःच रीतसर लिहिलं होतं, आवक क्रमांक. त्याच्यापुढची जागा कोरी आहे.